मोल, मूल आणि मोल्सवर्थ : एका फलकाच्या नोंदी

४ जानेवारी

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वाचनालयात कोशकारांवर फलक लावायचे ठरले. एकूण सहा. माझ्या वाट्याला मोल्सवर्थ आला. फलक तीन फूट बाय दोन, मजकूर साडेतीनशे शब्दांच्या आत.

सोपं काम वाटलं. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५. कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत भरती. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश, सुमारे चाळीस हजार शब्दांचा, सोबतीला जॉर्ज आणि थॉमस हे कॅण्डी बंधू आणि पदरी शास्त्रीमंडळी. १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती, शब्द साठ हजारांच्या घरात. आपल्या लोकांनी त्याला 'मोलेसर शास्त्री' करून टाकलं, हेही घातलं. अर्ध्या तासात कच्चा मजकूर तयार.

संध्याकाळी अभ्यासिकेत येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने तो कागद वाचला आणि विचारलं, "काका, मोल्सवर्थ म्हणजे काय?"

म्हटलं, आडनाव आहे.

"हो, पण म्हणजे काय? आम्ही लोहार. मग ते कोण?"

उत्तर आलं नाही. उद्या सांगतो म्हणालो.

५ जानेवारी

रात्री झोपताना सुचलं आणि उठून बसलो. मोल म्हणजे किंमत. इंग्रजीत वर्थ म्हणजेही किंमत. मोल्स-वर्थ! एक तुकडा मराठी, दुसरा इंग्रजी, अर्थ एकच. माणसाचं आडनावच द्विभाषिक कोशातली एक नोंद. एवढं जमून आलेलं कुठे सापडायचं?

सकाळी ग्रंथपाल मॅडमना सांगितलं. त्या खूश. दुपारी अध्यक्षांच्या कानावर गेलं, ते त्याहून खूश. फलकाचा मथळा तिथल्या तिथे मंजूर झाला : 'नावातच मोल!'

मुलीलाही सांगितलं. ती म्हणाली, "पण ते इंग्लंडचे होते ना? त्यांच्या आजोबांना मराठी येत होतं?"

ही मुलगी पुढे वकील होणार.

९ जानेवारी

इंग्रजीचे निवृत्त सर वर्तमानपत्र वाचायला आले होते. मथळा ऐकून हसले. मग म्हणाले, "वर्ड्सवर्थ घ्या. शब्दांचं मोल! कवीला याहून साजेसं नाव नाही. आणि त्यात ना वर्ड आहे, ना वर्थ. यॉर्कशायरमधल्या वॅड्सवर्थ नावाच्या गावावरून आलेलं आडनाव ते. तुमच्या मोल्सवर्थचंही आधी गाव शोधा. गावाची सगळ्यात जुनी नोंद शोधा. तोवर मथळा छापू नका."

सर बोलतात हळू, पण बोललेलं पुसता येत नाही.

गाव लगेच सापडलं. मोल्सवर्थ, पूर्व इंग्लंडमध्ये, हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला. एके काळी हंटिंग्डनशायर हा स्वतंत्र परगणा होता, १९७४ पासून तो केंब्रिजशायरमध्ये गेला. गाव एवढंसं, आपल्याकडच्या वाडीइतकं. एक जुनं चर्च, थोडी घरं, बाकी शेती.

मग नवा मोह. इंग्रजीत 'मोल' नावाचा प्राणी आहे, जमीन उकरून बिळं करणारा. शेतीचा मुलूख, तेव्हा मोलांचं रान? सरांना फोन केला. ते म्हणाले, तो शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या आसपास दिसायला लागतो, त्याआधी त्या प्राण्याला वेगळेच शब्द होते. गाव किती जुनं?

गाव १०८६ च्या डूम्सडे बुकात आहे. म्हणजे प्राण्याला ते नाव मिळण्याच्या दोन-तीनशे वर्षं आधीपासून. मोल बिळात गेला.

१२ जानेवारी

आजचा दिवस सार्थकी लागला.

डूम्सडे बुक म्हणजे विल्यम द कॉंकररने करवलेली जमीनमोजणी-वजा-करनोंद. फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन राजाला आपण नेमकं काय जिंकलंय, कोणत्या गावात किती नांगर, किती कुरण, किती गिरण्या, आधी धनी कोण होता आणि आता कोण, ते हवं होतं. आपल्याकडे इनाम कमिशनला जी माहिती हवी होती तीच, पण आठशे वर्षं आधी. त्यात हे गाव 'मोलेस्वर्ड' असं लिहिलंय. पुढच्या शतकांच्या दप्तरात मात्र 'म्यूलेसवर्थ', 'मुलेसवर्थ' अशी रूपं आहेत. उ आणि ओ यांची अदलाबदल ही त्या लेखनिकांची नेहमीचीच गोष्ट. लॅटिनमध्ये लिहायचं, कानाला फ्रेंचची सवय, आणि सांगणारा इंग्रज शेतकरी. आपल्या जुन्या सातबाऱ्यांवर गावांची, माणसांची नावं कशी उमटलीयत ते पाहिलेल्याला याचं नवल वाटू नये.

तर नावाचा पहिला तुकडा 'मूल'. ते जुन्या इंग्रजीतलं माणसाचं नाव आहे. मधला 'एस' म्हणजे आपला 'चा'. मूलचं वर्थ.

इथे मराठी डोकं पुन्हा घसरतं. मूल! लेकरू! मूळ! संस्कृत! पाच मिनिटं मी वहीत खरोखर 'भारोपीय मूळ?' असं लिहून बसलो होतो. खोडलं. या 'मूल'चा अर्थ लेकरू नाही, झाडाचं मूळही नाही. जुन्या इंग्रजीत 'मूल' म्हणजे खेचर, आणि त्यावरून दोन वंशांच्या संकरातून जन्मलेला माणूस. टोपणनाव म्हणूनच ते सुरू झालं असावं, आणि मग पाळण्यातलं नाव झालं. आपल्याकडे दगडू, धोंडू, उकिरडा ही नावं ठेवणाऱ्यांनी नाक मुरडू नये.

या नावाचा एक राजाही होऊन गेला. केंटचा मूल, वेसेक्सचा राजा कॅडवाला याचा भाऊ (केंट आणि वेसेक्स ही जुन्या इंग्लंडातली दोन राज्यं). भावाने ६८६ मध्ये केंट जिंकून याला गादीवर बसवलं आणि पुढच्याच वर्षी केंटच्या लोकांनी याला जाळून मारलं. कॅडवाला हे नाव मुळात वेल्श वळणाचं, तेव्हा या भावांची आई स्थानिक ब्रिटन जमातीची आणि बाप सॅक्सन असावा, म्हणून एकाचं नाव 'मूल', असं काही अभ्यासक मानतात. ६९४ मध्ये केंटने मूलच्या खुनाची भरपाई वेसेक्सला चुकती केली. जळालेल्या राजाचीही किंमत ठरली होती. म्हणजे 'मोल' आलंच, पण भलत्याच दारातून.

हा राजा आणि आपलं गाव यांचा संबंध नाही. गावातला मूल दुसराच कोणी, बहुधा साधा जमीनधारक. त्याच्याबद्दल एवढंच कळतं की त्याची जमीन होती आणि तिला कुंपण होतं.

१३ जानेवारी

मुलीला सांगितलं, मोल्सवर्थ म्हणजे खेचराचं आवार. ती पोट धरून हसली. मी म्हटलं, अगं, खेचर नावाच्या माणसाचं. ती आणखी हसली.

१९ जानेवारी

दुसरा तुकडा, वर्थ. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. एक किंमत या अर्थाचा, आजचा 'वर्थ' त्यातून आला. दुसरा कुंपण घातलेली जागा, आवार, घरासकट राखलेलं शेत या अर्थाचा. हा दुसरा बोलण्यातून मेला, फक्त गावांच्या नावांत उरला. लंडनमधलं वॉण्ड्सवर्थ म्हणजे वेंडेलचं आवार, आयझलवर्थ म्हणजे गिसल्हेरेचं. किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेलं केनिलवर्थ हे एका बाईचं, किनेहिल्डचं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी एका बाईच्या नावावर आवार होतं आणि तिचं नाव गावाने जपलं, हे मला राजांच्या गोष्टींपेक्षा अधिक आवडलं.

आता आडनावाकडे. गावाचं नाव माणसाला कसं चिकटलं?

नॉर्मन विजयाच्या आधी इंग्लंडात वंशपरंपरेने चालणारी आडनावं जवळजवळ नव्हतीच. एकच नाव, फार तर जोडीला काहीतरी ओळख. पुढच्या तीनशे वर्षांत ती रुजली, आधी जमीनदारांत, मग शहरी लोकांत, शेवटी कुळांत आणि मजुरांत. उत्तरेकडे आणखी उशिरा. कारण साधं आहे. वारसाने जमीन सिद्ध करायची तर नाव टिकावं लागतं, आणि करवसुलीच्या यादीत गावात बारा जॉन असले तर कोणता जॉन ते लिहावं लागतं. १३७७ ते १३८१ च्या दरम्यान तीनदा डोईपट्टी बसली, तिच्या याद्या आज आडनावं शोधणाऱ्यांचं मोठं घबाड आहे. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक चर्चला जन्म-लग्न-मृत्यूची वही ठेवायला लावली, मग तर नाव कागदावर पक्कंच झालं.

प्रकार आपल्यासारखेच. धंद्यावरून स्मिथ, म्हणजे आपल्या छोट्या वकिलाचं आडनाव. बापावरून जॉन्सन. चेष्टेवरून पडलेली शेकडो. आणि गावावरून. गावावरून पडणाऱ्यांना आधी फ्रेंच वळणाचा 'द' लागायचा : अमुक द मोल्सवर्थ. तो 'द' म्हणजे आपला 'कर'. फरक इतकाच की त्यांचा पुढे लागायचा आणि काळाच्या ओघात गळून गेला, आपला मागे लागतो आणि हटत नाही.

एक गंमत लक्षात आली. गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव पडत नाही. साताऱ्यात सगळेच सातारकर, तिथे कोणाला तसं हाक मारणार? सातारकर होतो तो सातारा सोडून पुण्याला आलेला माणूस. म्हणजे मोल्सवर्थ हे आडनाव मोल्सवर्थ सोडलेल्यांचं. हे तपासायला हवं.

२५ जानेवारी

तपासलं. या घराण्याचा जुन्यात जुना ठळक पुरुष वॉल्टर द मोल्सवर्थ, पहिल्या एडवर्ड राजाच्या काळातला. तो कुठला शेरीफ होता? बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरचा. म्हणजे शेजारच्या मुलखांचा अधिकारी, हंटिंग्डनशायरचा नव्हे. गाव मागे टाकलं, नाव बरोबर घेतलं. वहीत मोठी बरोबरची खूण केली.

याच वॉल्टरने तरुणपणी राजपुत्र एडवर्डबरोबर पॅलेस्टाइनच्या क्रूसेडला हजेरी लावली अशी कुळकथा सांगितली जाते. तिकडच्या घराण्यांत क्रूसेडला गेलेला पूर्वज असणं म्हणजे आपल्याकडे पानिपतावर पडलेला पूर्वज असण्यासारखं. सगळ्यांनाच तो हवा असतो. फलकावर शेरीफ जाईल, क्रूसेड जाणार नाही.

१ फेब्रुवारी

घराण्याच्या फांद्यांवर पूर्ण रविवार गेला. फलकाला यातल्या दोन ओळी पुरेत, पण इथे लिहून ठेवतो.

एक फांदी आयर्लंडला गेली. रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६ ते १७२५) डेन्मार्कला राजदूत म्हणून गेला आणि परतल्यावर तिथल्या निरंकुश राजसत्तेवर असं झणझणीत पुस्तक लिहिलं की डेन्मार्कच्या दरबाराने तक्रार नोंदवली. १७१६ मध्ये तो आयर्लंडचा व्हायकाउंट झाला. त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ मध्ये रामिलीच्या लढाईत सेनापती मार्लबरोच्या पदरी होता. धुमश्चक्रीत मार्लबरो घोड्यावरून पडला, शत्रू अंगावर आलेला. रिचर्डने स्वतःचा घोडा त्याला दिला आणि सेनापती वाचला. पुढे मार्लबरो दुसऱ्या घोड्यावर चढताना त्याची रिकीब धरणाऱ्या कर्नल ब्रिंगफील्डचं डोकं तोफेच्या गोळ्याने उडालं. बातमी झाली ती ब्रिंगफील्डची. घोडा देणारा बराच काळ बाजूलाच राहिला.

दुसरी फांदी कॉर्नवॉलची, पेंकॅरो या गढीची. तिचा पहिला बॅरोनेट हेंडर मोल्सवर्थ, पदवी १६८९ ची. हा जमैकाचा कारभारी होता आणि त्याआधी तिथे रॉयल आफ्रिकन कंपनीचा अडत्या. ही कंपनी आफ्रिकेतून माणसं धरून आणून मळ्यांवर विकायची. 'नावातच मोल' हा मथळा आज पहिल्यांदा मला टोचला.

त्याच गढीतला सर विल्यम (१८१० ते १८५५) बरा माणूस. तत्त्वज्ञ हॉब्सचं समग्र वाङ्मय संपादून छापलं, गुन्हेगारांना जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला पाठवण्याच्या शिक्षेविरुद्ध पार्लमेंटात लढला, अखेरीस वसाहतमंत्री झाला आणि काही महिन्यांत वारला. त्याच्या बागेत चिली देशातलं काटेरी पानांचं झाड लावताना एक पाहुणा म्हणाला, यावर चढायचं तर माकडालाही कोडं पडेल. त्यावरून त्या झाडाला इंग्रजीत 'माकडाचं कोडं' हेच नाव पडलं. नावं पडतात ती अशीही.

४ फेब्रुवारी

छोटी नोंद. डब्लिनमध्ये आयर्लंडचं संसदगृह ज्या रस्त्याच्या तोंडाशी उभं आहे तो मोल्सवर्थ स्ट्रीट. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनचं संसदगृहही मोल्सवर्थ स्ट्रीटवर, तो सर विल्यमच्या नावाचा. आणि न्यूझीलंडचं सगळ्यात मोठं गुराचं रान, एक लाख ऐंशी हजार हेक्टरचं, त्याचं नाव मोल्सवर्थ स्टेशन. ते मार्लबरो प्रांतात आहे. घोडा देणारा आणि घोडा घेणारा पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला पुन्हा भेटले.

एका कुंपणाचं नाव एवढ्या मोठ्या रानाला! मूलला सांगायला हवं होतं.

८ फेब्रुवारी

भाची पीटरबरोला नोकरीला आहे. तिथून हे गाव तासाभराच्या आत. महिनाभर मागे लागल्यावर आज गेली. व्हिडिओ कॉल लावला.

"मामा, इथे काहीच नाहीये."

"चर्च असेल."

"चर्च आहे. सेंट पीटर. आत भिंतीवर जुनी चित्रं आहेत, एक खांद्यावर लेकरू घेतलेला बाबा."

तो सेंट ख्रिस्तोफर. प्रवाशांचा रखवालदार. गाव सोडून गेलेल्यांच्या गावात तो भिंतीवर असावा हे ठीकच.

"आणि गावाबाहेर नुसतं कुंपण, मामा. लांबच लांब. आत जाऊ देत नाहीत. पाट्या लावल्यात."

ते मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून ऐकताना वेगळं वाटलं. दुसऱ्या महायुद्धात इथे अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचा तळ होता. १९८० च्या दशकात अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायला हीच जागा निवडली, तेव्हा शांततावाद्यांनी तंबू ठोकले. फेब्रुवारी १९८५ मध्ये सरकारने एका रात्रीत दीड हजार सैनिक पाठवून त्यांना हुसकावलं आणि मैलोन् मैल कुंपण उभं केलं. संरक्षणमंत्री स्वतः लष्करी जाकीट चढवून आले होते. ज्या गावाच्या नावाचा अर्थ कुंपणातली जागा, त्याची जगाला ओळख झाली ती कुंपणाच्या बातमीनेच.

भाची म्हणाली, "मामा, थंडी मरणाची आहे, जाऊ का आता?" म्हटलं जा बाई.

१३ फेब्रुवारी

मथळ्यावरून बैठक. अध्यक्षांचं म्हणणं, 'नावातच मोल' लोकांना आवडेल, कोण तपासायला जातंय? मी म्हटलं, ज्या माणसाने साठ हजार शब्दांपुढे अर्थ तोलून-मापून लिहिले, त्याच्याच फलकावर चुकीची व्युत्पत्ती लावायची? मॅडम मधे. शेवटी ठरलं की मी याहून चांगला मथळा दोन दिवसांत द्यायचा, नाहीतर जुनाच.

१५ फेब्रुवारी

सापडलं. आणि तेही त्याच्याच घरात.

सहज म्हणून कोश उघडला, १८५७ चीच आवृत्ती, पुण्यात १९७५ मध्ये पुन्हा छापलेली, वाचनालयाची प्रत, मागचा पुठ्ठा नाही. वर्थला मराठीत काय म्हणायचं ते शोधत होतो. आवार पाहिलं, वाडा पाहिला, मग वाडी. मोल्सवर्थने 'वाडी'चा पहिला अर्थ दिलाय तो कुंपण घातलेलं शेत किंवा बागेची जमीन, आवार. दुसरा, शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, पाडा. पुढे कोकणातल्या गावांची रचना सांगून, विखुरलेल्या गावाचा एक वेगळा भाग, हाही अर्थ.

वर्थ या मेलेल्या इंग्रजी शब्दाचा प्रवास हाच आहे, पायरी न् पायरी : आधी कुंपण, मग कुंपणातलं घर, मग वस्ती. दोन शब्दांचं नातं काही नाही. आपली वाडी संस्कृत 'वाट'वरून आली, म्हणजे कुंपण, आवार. त्यांचं वर्थ जर्मानिक कुळातलं. पण शेत राखायला माणूस जे करतो ते दोन्हीकडे सारखंच आहे, म्हणून शब्दही सारखे वाढले. सावंतांची वाडी ती सावंतवाडी, मूलचं वर्थ ते मोल्सवर्थ, आणि तिथून निघालेला तो मूलवाडीकर.

सरांना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे छापा."

मथळा : 'मूलवाडीकर शास्त्री'.

२१ फेब्रुवारी

छपाईवाल्याकडून नमुना आला. मथळ्यात 'मुलवाडीकर' झालंय, मु ऱ्हस्व. सहा जणांनी वाचूनही कोणाच्या लक्षात आलं नाही. दुरुस्तीला परत पाठवला. डूम्सडेच्या लेखनिकाला मी त्या दिवशी उगीच नावं ठेवली.

मजकूर तीनशे अठ्ठेचाळीस शब्द. रामिलीचा घोडा गाळावा लागला. वॉल्टर एका ओळीत. केनिलवर्थची किनेहिल्ड मी हट्टाने ठेवली आहे.

२७ फेब्रुवारी

गर्दी चांगली. अध्यक्ष पाहुण्यांना फलकापाशी नेऊन 'मूलवाडीकर' हा शब्द त्यांनाच सुचल्यासारखा समजावत होते. चालायचंच.

एक म्हातारे गृहस्थ कॅण्डीच्या फलकापुढून मोल्सवर्थपुढे आले आणि म्हणाले, "मग कॅण्डी म्हणजे आपली खंडी का हो? वीस मणांची?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. वजनाची 'कॅण्डी' आपल्या खंडीवरूनच इंग्रजीत गेली, आणि खाण्याची कॅण्डी आपल्या खंडसाखरेच्या 'खंड'वरून, फारसी-अरबीच्या वाटेने. दोन्ही खरं. पण आडनावाचं गाव आधी शोधायला हवं.

छोटी वकील शेजारी उभी होती. तिने वहीत लिहून घेतलं : कॅण्डी, सर्वात जुनी नोंद?